उन्हाला बाहेरच थोपवणारं घर

२०२१च्या जूनअखेरीस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची अभूतपूर्व लाट आली. लिटन नावाच्या छोट्याशा गावात पारा ४९.६ अंश सेल्सिअसवर गेला. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं दगावली. पुढे एकेका मृत्यूची सरकारी चौकशी झाली तेव्हा दिसलं, की त्यातले ९८ टक्के मृत्यू चार भिंतींच्या आत झाले होते. मेलेल्यांत बहुतेक जण वयस्क होते आणि निम्म्याहून अधिक एकटे राहणारे. ऊन लागू नये म्हणून माणूस घरात जातो. इथे घरानेच दगा दिला.

त्याआधी २००३च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून अधिक बळी गेले होते. फ्रान्समधल्या संशोधकांनी मरण पावलेल्या आणि वाचलेल्या वृद्धांच्या घरांची तुलना केली. झोपायची खोली थेट छताखाली असणं आणि घराला उष्णतारोधक थर नसणं, या दोन गोष्टींमुळे जिवाचा धोका वाढला होता, असं त्यांना आढळलं. एकाच शहरात, एकाच लाटेत कोण वाचणार हे काही अंशी डोक्यावरच्या छतावर ठरत होतं.

घर बांधताना पाया, पाऊस, उजेड, चोरी या सगळ्यांचा विचार होतो. उन्हाचा विचार मात्र बहुतेक वेळा घर उभं राहिल्यावर, ‘एसी कुठे बसवायचा’ इथून सुरू होतो. तोवर मोठे निर्णय होऊन गेलेले असतात: घराचं तोंड कुठे, खिडक्या केवढ्या, छत कशाचं. एकदा बांधलेलं घर पन्नास-साठ वर्षं उभं राहतं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं, आणि आज पाया खणलेलं घर याहून गरम दशकं पाहणार आहे. तरीही इमारतींची गणितं करताना अनेक ठिकाणी मागच्या काही दशकांचीच हवामानाची आकडेवारी वापरली जाते. म्हणजे घर बांधायचं पुढच्यांसाठी आणि माप घ्यायचं मागच्या उन्हाळ्यांचं. हे मला फार काळजीचं वाटतं.

अंगाला नेमकं काय जाणवतं

निवांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता सतत तयार करत असतं. ती बाहेर टाकली गेली नाही तर शरीराला ३७ अंशांवर टिकून राहता येत नाही. बाहेर टाकायचे मुख्य मार्ग तीन. एक, अंगावरून जाणाऱ्या हवेला उष्णता देणं. दोन, घाम सुकवणं. तीन, आजूबाजूच्या भिंती, छत, जमीन यांच्याकडे ती किरणांच्या रूपात फेकणं. हा तिसरा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो, आणि घरांच्या बाबतीत बहुतेक चुका तिथेच होतात.

त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. भिंत २६ अंशांची असेल तर अंगातली उष्णता भिंतीकडे जाते आणि बरं वाटतं. छत ४२ अंशांवर गेलं असेल तर प्रवाह उलटतो आणि छत आपल्याला तापवू लागतं. हवा संथ असेल तर एक सोपं गणित बऱ्यापैकी लागू पडतं: हवेचं तापमान आणि सभोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान, या दोघांच्या मधोमध जो आकडा येतो तो आपल्याला जाणवतो. समजा खोलीतली हवा ३१ अंश आहे आणि पृष्ठभागांची सरासरी ३७, तर जाणवतात ३४. त्याच ३१ अंशांच्या हवेत पृष्ठभाग २७ वर राखले तर जाणवतात २९. भिंतीवरचा थर्मामीटर दोन्ही वेळा तेच सांगतो, पण एका खोलीत झोप लागते आणि दुसरीत माणूस रात्रभर कूस बदलत राहतो.

एसी लावूनही वरच्या मजल्यावर ‘गार वाटत नाही’ त्याचं कारण हेच. यंत्र हवा थंड करतं, आणि वरून तापलेला स्लॅब अंगावर उष्णता ओतत राहतो. मग सेटिंग आणखी खाली आणलं जातं, यंत्र जास्त वीज खातं, आणि छत आपलं काम चालूच ठेवतं. तेव्हा पहिला प्रश्न ‘हवा कशी थंड करू’ असा विचारूच नये. छत, काच आणि भिंती मुळात तापूच नयेत म्हणून काय करता येईल, तिथून सुरुवात करावी. या लेखातलं बाकी सगळं या एका क्रमातून येतं.

सुरुवात छतापासून

स्वच्छ आकाशात भर दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. शंभर चौरस मीटरचं छत म्हणजे एकाच वेळी १०० किलोवॉट. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, आणि तिथे गरम महिन्यांत कुठल्याही भिंतीपेक्षा छतच जास्त तापतं. एकमजली घरात, किंवा इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, पैसे एकाच जागी घालता येत असतील तर ते छतावर घालावेत. यात मला अजिबात शंका नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय रंगाचा. गडद डांबरी थराचं छत उन्हाचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग परत फेकतं. चांगला पांढरा परावर्तक लेप नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. कडक उन्हात या दोन छतांच्या पृष्ठभागांत २५-३० अंशांचा फरक सहज पडतो. मात्र पांढरेपणा टिकवावा लागतो. धूळ, शेवाळ, काजळी बसली की परावर्तन घटतं. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुणं आणि काही वर्षांनी नवा हात देणं हा उपायाचाच भाग समजावा.

चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो म्हणजे तो थंड राहत असेल, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं होत नाही. छत थंड राहायला दोन गुण लागतात: ऊन परत फेकणं, आणि शोषलेली उष्णता किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडून देणं. उघडा, चमकदार धातू दुसऱ्या कामात फार कच्चा असतो. आलेली थोडी उष्णताही तो धरून ठेवतो, म्हणून हात लावला तर चटका बसतो. त्याच पत्र्याला पांढरा रंग दिला की तो दोन्ही कामं करू लागतो आणि बराच थंड राहतो.

या दुसऱ्या गुणावर संशोधनही रंगलं आहे. ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता वातावरणात फारशी न अडकता थेट अवकाशात जाऊ शकते. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी असा पृष्ठभाग बनवून दाखवला, जो भर उन्हात, वीज न वापरता, आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळपास ५ अंशांनी थंड राहिला. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने ९८.१ टक्के ऊन परत फेकणारा पांढरा रंग तयार केला. दमट, ढगाळ हवेत हा परिणाम कमी होतो, कारण हवेतली वाफ उष्णतेची ही अवकाशाकडची वाट झाकोळते. कोरड्या प्रदेशांसाठी मात्र यात मोठी आशा आहे.

रंगानंतर येतो उष्णतारोधक थर. काँक्रीटमधून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाने ती थर्माकोलसारख्या हवेने भरलेल्या पदार्थातून जाते. म्हणून स्लॅबवर पाच-सात सेंटीमीटरचा रोधक थर असला तरी खोलीतला फरक मोठा असतो. तो थर स्लॅबच्या वर असावा की खाली? शक्य असेल तेव्हा वर. खाली फॉल्स सीलिंग करून थर दिला तर खोलीला थोडा आराम मिळतो, पण स्लॅब स्वतः दिवसभर तापत-आकसत राहतो, त्याला भेगा जातात आणि पुढे गळती सुरू होते. वर थर द्यायचा तर वॉटरप्रूफिंगचा क्रम आणि पाण्याचा उतार जाणकाराकडून ठरवून घ्यावा. ओला झालेला रोधक थर जवळजवळ निरुपयोगी असतो.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे छतावर सावली. स्लॅबपासून थोडं उंच दुसरं हलकं छप्पर आणि मधे खेळती हवा. सौरपॅनेल जरा उंचावर बसवले तर तेही हेच काम करतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोमधल्या विद्यापीठाने एका इमारतीवर मोजणी केली, तेव्हा पॅनेलखालच्या भागातलं आतलं सीलिंग उघड्या छताखालच्या सीलिंगपेक्षा सुमारे २.८ अंशांनी थंड होतं. छतावर माती टाकून झाडं लावणंही उत्तम, पण वजन आणि पाणी या दोन्हींची तयारी हवी. ओल्या मातीचं ओझं धरून रचना केलेली नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

खिडकी, काच आणि पश्चिमेचं ऊन

दोन चौरस मीटरची पश्चिमेची खिडकी घ्या. दुपारी चारला तिच्यावर पडणारं ऊन चौरस मीटरला ६०० वॅट धरलं आणि साध्या एकेरी काचेतून त्यातलं सुमारे ८५ टक्के आत आलं, तर ती खिडकी म्हणजे खोलीत चालू ठेवलेला १००० वॅटचा हीटर. भर उन्हाळ्यात हीटर कुणी लावणार नाही. पण सावली नसलेली मोठी काच आपण हौसेने लावतो.

काच ऊन आत सोडते, आणि आतल्या वस्तू तापून जी उष्णता फेकतात ती मात्र अडवते. त्यामुळे पडद्याची जागा महत्त्वाची ठरते. आतला पडदा ऊन काचेतून शिरल्यानंतर अडवतो. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरची सावली, मग तो छज्जा असो, लाकडी झडपा असोत, बांबूची चटई असो की ताणलेलं कापड, ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. बाहेरून नीट झाकलेल्या खिडकीतून उन्हाच्या उष्णतेचा अगदी थोडा भाग आत येतो. बाहेर काही करणं शक्यच नसेल तर काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असलेला पडदा घ्यावा, म्हणजे काही ऊन तरी परत जाईल.

दुहेरी काच लावली की काम झालं, असंही नाही. साधी दुहेरी काच बाहेरच्या गरम हवेपासून बऱ्यापैकी वाचवते, पण उन्हाचा तीन चतुर्थांश भाग तीतूनही येतो. काच घेताना ‘सूर्याच्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो’ हा आकडा विक्रेत्याला विचारावा. खास लेप असलेल्या काचांत तो पाव हिश्शापर्यंत खाली येतो. तरीही सावली आधी, काच नंतर.

प्रत्येक दिशेचं ऊन वेगळं वागतं. विषुववृत्तापासून दूर, उत्तर गोलार्धात, उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य दक्षिणेला उंच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरचा आडवा छज्जा त्याला सहज अडवतो. हिवाळ्यात सूर्य खाली येतो आणि त्याच छज्ज्याखालून ऊब आत शिरते. ही निसर्गाची फुकट सोय आहे. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरेच्या खिडकीला लागू. विषुववृत्ताजवळ दोन्ही बाजूंना छज्जे हवेत. पूर्व आणि पश्चिमेला मात्र सूर्य जवळजवळ समोरून येतो, तिथे छज्जा कितीही बाहेर काढला तरी उपयोग थोडा. उभ्या पट्ट्या, बंद होणाऱ्या झडपा, जाळीची भिंत किंवा झाड, हेच तिथले उपाय. दोन्हींत पश्चिम जास्त वाईट, कारण पूर्वेचं ऊन घर गार असताना येतं आणि पश्चिमेचं ऊन घर आधीच दिवसभर तापलेलं असताना. लांबट घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेकडे ठेवली की निम्मी लढाई नकाशावरच जिंकता येते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठार अशा कमी वेळ वापरायच्या जागा ठेवाव्यात.

पश्चिमेला लावलेलं एक पानगळीचं झाड उन्हाळ्यात सावली देतं आणि हिवाळ्यात ऊन सोडतं. शिवाय पानांतून पाणी उडत असल्याने भोवतालची हवाही थोडी निवते. घराभोवती सगळीकडे फरशी किंवा काँक्रीट केलं तर ती जमीन दिवसभर तापून खिडकीतून उष्णता आत फेकते. अंगणाचा थोडा तुकडा मातीचा ठेवणं यासाठीही गरजेचं.

जड भिंती आणि गरम रात्री

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

विटा, दगड, माती, काँक्रीट हे पदार्थ भरपूर उष्णता साठवतात. उष्णता जाड भिंतीत हळूहळू शिरते. साधारण २३ सेंटीमीटरच्या विटांच्या भिंतीतून ती आत पोहोचायला सहा-सात तास लागतात. याचा फायदा इजिप्तचे वास्तुकार हसन फथी यांनी फार नीट दाखवून दिला. १९६४ मध्ये कैरोत चाचणीसाठी वेगवेगळ्या साहित्याच्या खोल्या बांधल्या गेल्या. जाड मातीच्या विटांच्या खोलीतलं तापमान चोवीस तासांत जेमतेम २ अंशांनी हललं. पातळ काँक्रीट पट्ट्यांच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढलं, बाहेरच्या हवेपेक्षाही सुमारे ९ अंश जास्त. दोष काँक्रीटच्या जातीत नव्हता, पातळपणात होता.

पण जाड भिंत उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त पुढे ढकलते. दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन रात्री दहाला आतल्या बाजूने बाहेर पडतं, नेमकं झोपायच्या वेळी. बाहेर रात्र थंड असेल तर खिडक्या उघडून, वारा खेळवून ती उष्णता काढून टाकता येते, आणि सकाळी भिंती पुन्हा थंड होऊन नव्या दिवसाला तयार असतात. म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक असलेल्या कोरड्या प्रदेशांत जड घरं उत्तम चालतात. जिथे रात्रही गरम आणि दमट, तिथे जड भिंतींना रिकामं व्हायला वेळच मिळत नाही. अशा ठिकाणी हलक्या भिंती, मोठी सावली आणि आरपार वारा हेच जुनं शहाणपण टिकून आहे.

आता अडचण अशी आहे, की गरम रात्रींची संख्या जगभर वाढते आहे. लाट लांबली आणि रात्री निवल्याच नाहीत तर कोरड्या प्रदेशातलं जाड भिंतींचं घरही दिवसागणिक उष्णता साठवत जातं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आतून भट्टी होतं. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरलं नाही तर दिवसभराच्या ताणातून हृदयाला सुटका मिळत नाही. माझ्या मते यापुढे घराची खरी परीक्षा दुपारी दोनची नसून रात्री दोनची आहे.

यावर उत्तर आहे: वजन आत, रोधक थर बाहेर. जड भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उष्णतारोधक थर आणि त्यावर फिकट रंगाचा गिलावा दिला, की ऊन त्या वजनापर्यंत पोहोचत नाही, आणि भिंतीचा आतला भाग रात्रीचा गारवा साठवायला मोकळा राहतो. हाच थर आतल्या बाजूने दिला तर भिंतीचं साठवण्याचं काम खोलीला मिळेनासं होतं. दुसरी वाट म्हणजे दिवसा राहायच्या खोल्या जड ठेवायच्या आणि झोपायच्या खोल्या हलक्या, म्हणजे सूर्य मावळल्यावर त्या लवकर निवतात.

खिडक्या कधी उघडायच्या याचा नियम एका ओळीचा: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा उघड्या, गरम असेल तेव्हा बंद. दोन साधे थर्मामीटर, एक आत आणि एक बाहेर सावलीत, एवढं पुरे. कोरड्या प्रदेशात अनेक घरं सकाळी दहानंतर ‘हवा यावी’ म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात आणि रात्रीचा सगळा गारवा घालवून बसतात.

रात्री खिडकी उघडी ठेवायची तर चोर, डास, पाऊस आणि आवाज यांचा बंदोबस्त रचनेतच हवा. गज, जाळी, तिरप्या पट्ट्यांची झडप. हे नसेल तर कागदावर कितीही सुंदर वायुविजन असलं तरी माणसं खिडकी लावूनच झोपतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

वारा, घाम आणि दमट हवा

खोलीला एकाच बाजूला खिडकी असेल तर बाहेरची हवा साधारण खोलीच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतच पोहोचते. तीन मीटर उंचीच्या खोलीत सहा मीटर. पलीकडे किंवा निदान शेजारच्या भिंतीत दुसरी वाट असेल तर वारा आरपार जातो. तिथे हवा बाहेर पडायची वाट शिरायच्या वाटेएवढी किंवा थोडी मोठी असावी. आतली दारं बंद केली की हा मार्ग तुटतो, म्हणून दारावरची उघडणारी झडप, जी नव्या घरांतून जवळपास हद्दपार झाली आहे, ती परत यायला हवी असं मला मनापासून वाटतं. जिन्याच्या माथ्यावर उघडणारी खिडकी असेल तर वर चढलेली गरम हवा तिथून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. इराणमधल्या यझ्द शहरातले उंच वारामनोरे याच दोन शक्तींवर, वाऱ्यावर आणि वर चढणाऱ्या गरम हवेवर, शतकानुशतकं चालत आले आहेत.

वारा अंगावरचा घाम सुकवतो. सेकंदाला ०.८ मीटर वेगाची हवा अंगावर आली तर साधारण ३ अंश कमी झाल्यासारखं वाटतं. छताचा पंखा एवढं सहज करतो. पण तो माणसाला आराम देतो, खोलीला गार करत नाही, त्यामुळे रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. आणि हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याची झुळूक अंगाला उष्णता देऊ लागते. त्या तापमानात पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

पाण्याचा फवारा, ओले पडदे, कूलर हे सगळे पाणी उडवून गारवा देतात. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ किलोवॉट-तास उष्णता घेऊन जातं, हे काही थोडं नाही. पण हवा कोरडी हवी. दमट हवेत पाणी उडत नाही, उलट खोलीतला ओलावा वाढतो आणि घामही सुकेनासा होतो. थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून जे तापमान येतं, ते ३५ अंशांवर पोहोचलं तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली बसूनही काही तासांहून जास्त तग धरू शकत नाही, अशी सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. पुढे अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीराचा उष्णतेचा तोल याच ओल्या मापाच्या ३०-३१ अंशांनाच सुटायला लागतो असं दिसलं. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची मर्यादा त्याहून खाली. अशा दिवसांत छज्जा, झाड, रंग हे सगळं मदत करतं, पण पुरत नाही. तिथे हवेतला ओलावा काढणारं यंत्रच लागतं.

एसी, पण शेवटी आणि थोडा

म्हणून एसी वापरणाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. त्याने जीव वाचतात. पण तो उष्णता नष्ट करत नाही, आतली उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःच्या विजेची भर घालतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या अभ्यासात दिसलं, की एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेने काही भागांत रात्रीची हवा १ अंशाहून जास्त तापते. त्याची झळ ज्यांच्याकडे एसी नाही त्यांना बसते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८च्या अंदाजाप्रमाणे जगातले एसी तेव्हाच्या १६० कोटींवरून २०५० पर्यंत ५६० कोटींवर जातील. वीज सगळ्यात जास्त लागते नेमकी लाटेच्या दिवसांत, आणि वीज जाण्याची भीतीही तेव्हाच सर्वाधिक.

छत, सावली, रोधक थर यांनी घर आधीच सावरलेलं असेल तर लहान एसी पुरतो, तो २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला तरी बरं वाटतं, आणि वीज गेली तर घर लगेच तापत नाही. नव्या घराच्या नकाशात मी एका गोष्टीचा आग्रह धरेन: एक खोली अशी असावी जी बाकी सगळं हरलं तरी राहण्याजोगी राहील. खालच्या मजल्यावर, पश्चिमेपासून दूर, तापणारं छत थेट वर नसलेली, दोन बाजूंनी वारा येणारी, चांगला रोधक थर असलेली. छोटा एसी बसवायचा तर तिथेच. कमी विजेचा, ३० वॅटचा पंखा दहा तास चालायला ३०० वॅट-तास लागतात, एवढी साठवण एक छोटी बॅटरी देऊ शकते. घरातल्या वृद्धांची, तान्ह्या मुलांची, आजाऱ्यांची रात्र त्या खोलीत निभावेल.

थंड देशांची वेगळीच कोंडी झाली आहे. ऊब टिकवण्यासाठी त्यांनी घरं घट्ट आणि उष्णतारोधक केली, आणि उजेडासाठी मोठ्या काचा लावल्या. सावली नसेल तर अशा घरात शिरलेलं ऊन बाहेर पडत नाही. रोधक थर दोषी नाही, उघडी काच दोषी आहे. इंग्लंडमध्ये नवी घरं जास्त तापू नयेत यासाठीचे नियम जून २०२२ मध्ये लागू झाले, आणि पुढच्याच महिन्यात तिथे ४०.३ अंशांची विक्रमी नोंद झाली.

ज्यांचं घर आधीच उभं आहे

बहुतेकांना नवं घर बांधायचं नसतं, आहे त्यातच राहायचं असतं. त्यांच्यासाठी क्रम तोच. वरचा मजला असेल तर छताला पांढरा लेप. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, भाड्याचं घर असेल तर काढता येणारी चटई किंवा कापड. रात्री आरपार वारा, सकाळी खिडक्या बंद. उष्णता निर्माण करणारी यंत्रं आणि स्वयंपाक शक्यतो पहाटे किंवा रात्री, आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा. झोपायची खोली उन्हाळ्यापुरती बदलणं हा तर बिनखर्चाचा उपाय आहे, घरातल्या सगळ्यात गार खोलीत जाऊन झोपायचं.

घर विकत किंवा भाड्याने घ्यायचं असेल तर ते सकाळी अकराला पाहू नका. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी संध्याकाळी पाचला जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, वरच्या मजल्यावर असाल तर छताखाली काही मिनिटं नुसते उभे राहा. खिडक्या खरंच उघडतात का, उघडल्यावर हवा पलीकडे जाते का, हे पाहा. समोर काळी गच्ची, पत्रा किंवा गाड्यांचं पटांगण आहे का, तेही पाहा. मग आधी राहणाऱ्यांना विचारा, उन्हाळ्यात तुम्ही कुठल्या खोलीत झोपता. जी खोली ते टाळत असतील तिच्या छताला लेप देता येईल का, खिडकीबाहेर सावली बांधायची परवानगी मिळेल का, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या.